गट एक, पोटहिस्से चार

आखाडा बाळापूरच्या शिवारात विहिरीवर किंवा बोअरवर तीन फेजची मोटार असली की शेजारी स्टार्टरची पेटी असतेच. पेटीच्या झाकणाला आतून बहुधा एक छोटा डायग्राम चिकटवलेला असतो. त्यात कॉन्टॅक्टर ही एकच वस्तू तीन ठिकाणी काढलेली दिसते. वरच्या जाड रेघांवर तिचे मुख्य कॉन्टॅक्ट, १-२, ३-४ आणि ५-६. खालच्या बारीक रेघांवर ए१ आणि ए२ अशा टोकांची कॉइल. आणि हिरव्या बटणाला समांतर १३-१४ हा धरून ठेवणारा कॉन्टॅक्ट, ज्याच्यामुळे बटणावरून बोट काढलं तरी मोटार चालू राहते. प्रत्यक्ष पेटीत हे सगळं एकाच प्लास्टिकच्या ठोकळ्यात बसलेलं आहे. तरी वायरमन हा कागद वाचताना अडखळत नाही. तिन्ही ठिकाणी तेच नाव लिहिलेलं आहे, म्हणजे ठोकळा एकच, हे त्याला सांगावं लागत नाही.

सर्किट बोर्डाची आखणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये याच गोष्टीला बहुभागी चिन्ह म्हणतात. वस्तू एक, पण डायग्रामवर तिचे तुकडे वेगवेगळ्या जागी. विषय ऐकायला किरकोळ वाटतो. लायब्ररीत आयतं चिन्ह मिळतं, ते उचलायचं आणि ठेवायचं, त्यात विचार कसला, असं नवशिक्याला वाटतं. पण बोर्ड बनून आल्यावर त्याला वीजच पोचत नाही, रिलेची कॉइल एकाची आणि कॉन्टॅक्ट दुसऱ्याचा निघतो, दुरुस्तीला बसलेल्या माणसाला डायग्राममधून काहीच कळत नाही, या सगळ्या गोष्टींची मुळं पुष्कळदा चिन्ह कसं तोडलं होतं इथे सापडतात. चिन्ह तोडण्याचा निर्णय हा डायग्राम वाचणाऱ्यासाठी घ्यायचा असतो, असं माझं मत आहे. सॉफ्टवेअरची सोय आणि आखणाऱ्याची घाई त्यानंतर.

ही पद्धत संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. रेल्वेच्या सिग्नल यंत्रणेत एका रिलेला आठ फ्रंट आणि आठ बॅक कॉन्टॅक्ट असू शकतात. ते सगळे कॉइलशेजारीच काढायचे म्हटले तर कागदावर रेघांचं जाळं होईल आणि गाडीला सिग्नल का मिळाला नाही हे कुणालाच शोधता येणार नाही. म्हणून कॉइल एका पानावर आणि कॉन्टॅक्ट ज्या ज्या सर्किटात काम करतात त्या त्या पानांवर काढतात. प्रत्येक ठिकाणी रिलेचं तेच नाव. शिवाय कोणत्या रिलेचा कितवा कॉन्टॅक्ट कुठे वापरला आणि कोणते शिल्लक आहेत याचा स्वतंत्र तक्ता ठेवतात. तक्त्याशिवाय ही पद्धत अर्धवट आहे, हे जुन्या सिग्नलवाल्यांनी नीट ओळखलं होतं. विद्युत आराखड्यांच्या आयईसी ६१०८२ या आंतरराष्ट्रीय मानकातही एखादी वस्तू सलग काढावी, अर्धवट जोडून काढावी की पूर्ण सुटी करून काढावी, या तिन्ही रीतींना जागा आहे.

मग आयसी आले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ७४०० मालिकेतली पहिलीच चिप म्हणजे एका चौदा पायांच्या पाकिटात चार नॅन्ड गेट. नॅशनल सेमिकंडक्टरची एलएम ३२४ म्हणजे तसल्याच पाकिटात चार ऑप-अँप. चारही गेट स्वभावाने सारखे, एकमेकांवर अवलंबून नसलेले, आणि सर्किटाच्या चार वेगळ्या कोपऱ्यांत कामाला लागणारे. शेतीच्या भाषेत सांगायचं तर यू१ हा गट नंबर आणि ए, बी, सी, डी हे त्याचे पोटहिस्से. वीज मात्र चौघांची सामाईक विहीर. या सामाईक विहिरीची नोंद कुठे आणि कशी करायची, यावरच या विषयातला सगळ्यात जुना वाद उभा आहे.

एक आयसी जवळून

आपल्याकडे उपयोगी पडेल असंच उदाहरण घेऊ: सिंगल फेज प्रिव्हेंटर. तीनपैकी एक फेज गेला आणि मोटार दोन फेजवर फिरत राहिली तर वाइंडिंग जळतं. हळदीचं पीक आठ-नऊ महिन्यांचं, त्याला पावसाळा संपल्यावरही पाणी लागतं. ऐन पाळीच्या वेळी मोटार रिवाइंडिंगला गेली तर किती दिवसांचं पाणी हुकतं हे कळमनुरी तालुक्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. एलएम ३२४ वापरून असा साधा प्रिव्हेंटर मांडता येतो. तीन ऑप-अँप तीन फेजचं व्होल्टेज एका ठरावीक पातळीशी ताडून बघतात. चौथा ऑप-अँप थोडा वेळ मोजतो, म्हणजे लाइट आल्या आल्या मोटार लगेच उचलत नाही. (खऱ्या प्रिव्हेंटरला एवढ्यावर भागत नाही. चालत्या मोटारीत गेलेल्या फेजवर मोटार स्वतःच व्होल्टेज उभं करते, त्यामुळे नुसतं व्होल्टेज बघणारं सर्किट फसू शकतं. पण चिन्हाच्या चर्चेला हे उदाहरण पुरेसं आहे.)

आता एलएम ३२४ चे पाय बघा. पहिल्या ऑप-अँपचं आउटपुट १, उणे इनपुट २, अधिक इनपुट ३. दुसऱ्याचं आउटपुट ७, इनपुट ६ आणि ५. तिसऱ्याचं आउटपुट ८, इनपुट ९ आणि १०. चौथ्याचं आउटपुट १४, इनपुट १३ आणि १२. वीज ४ वर, ग्राउंड ११ वर. आयसीकडे वरून पाहिलं तर ही मांडणी बऱ्यापैकी सममित आहे. पण तिचा चौदा पायांचा एकच चौकोन डायग्रामवर ठेवला तर वाचणाऱ्याला काय दिसतं? चौकोनातून निघालेल्या चौदा रेघा. आर फेजचा सिग्नल कुठे शिरतो, कशाशी ताडला जातो आणि पुढे कुठे जातो, हे समजायला त्याला मनातल्या मनात पायांचे नंबर लावत बसावं लागतं. चार त्रिकोण सुटे करून ठेवले की डावीकडून आर, वाय, बी येतात, तीन त्रिकोणांतून जातात, चौथ्यापाशी एकत्र येतात आणि तिथून ट्रान्झिस्टर, रिले. डायग्राम सर्किटाच्या क्रमाने वाचता येतो. बहुभागी चिन्हाचा सगळा फायदा यात आहे.

कायकॅड या सॉफ्टवेअरमध्ये हे चिन्ह करायचं तर सिम्बॉल एडिटरमध्ये नवीन सिम्बॉल उघडायचा, संदर्भाक्षर यू द्यायचं आणि युनिटची संख्या पाच सांगायची. चार ऑप-अँप आहेत, मग पाच का? पाचवा भाग विजेचा. युनिट ए निवडून त्रिकोण काढायचा आणि १, २, ३ हे पाय लावायचे. आउटपुटला आउटपुट, इनपुटला इनपुट असा विद्युत प्रकार नेमका द्यायचा, कारण पुढे सॉफ्टवेअर चुका शोधतं ते याच माहितीवर. मग तोच त्रिकोण बी, सी, डी मध्ये उतरवून फक्त नंबर बदलायचे. ई या पाचव्या युनिटात ४ आणि ११ हे दोनच पाय, प्रकार वीज-इनपुट. चित्राचा किंवा पायाचा एखादा तुकडा सगळ्या युनिटांत दिसावा अशी खूणही या एडिटरमध्ये करता येते. ती इथे करायची नाही. केली तर पाचही तुकड्यांवर वीज उमटेल.

एक अडचण इथेच येते. कायकॅडमध्ये सगळी युनिटं एकमेकांच्या जागी चालतात, अशी खूण पूर्ण चिन्हाला मिळून एकच असते. आपल्या चिन्हात ए ते डी सारखे आहेत पण ई वेगळा, म्हणून ती खूण काढावी लागते. मग ए ते डी आपसात बदलता येतात ही गोष्ट सॉफ्टवेअरला कळत नाही. जर्मनीत १९८८ साली निघालेल्या ईगलमध्ये याची सोय जास्त बारकाईची होती. तिथे प्रत्येक गेटला अदलाबदलीचा आकडा देता येई. सारखा आकडा असलेले गेट आपसात बदलायला मोकळे, शून्य असलेला गेट जागचा हलणार नाही. शिवाय कोणता गेट आधी आपोआप यावा, कोणता हवाच, कोणता मागितला तरच यावा, हेही ठरवता येई. रिलेची कॉइल हवीच आणि बाकीचे कॉन्टॅक्ट लागतील तसे, इतकं नेमकं सांगता येणं ही मोठी गोष्ट होती. ऑटोडेस्कने २०१६ साली ईगल घेतलं आणि पुढे २०२६ च्या जूनपर्यंतच ते चालू ठेवायचं जाहीर केलं. त्यातले हे बारकावे बाकीच्यांनी उचलायला हवे होते, असं मला मनापासून वाटतं.

वीज दिसावी की लपावी

सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्ये ७४०० सारख्या आयसींचे विजेचे पाय लपवून ठेवायची रीत होती. सगळीकडे पाचच व्होल्ट. व्हीसीसी आणि ग्राउंड प्रत्येक चिपला जाणार हे गृहीतच. मग उगाच रेघा कशाला? लपवलेला पाय त्याच नावाच्या तारेला आपोआप जोडला जाई. कागद स्वच्छ दिसे. ओरेगॉनमध्ये १९८५ साली सुरू झालेलं ऑरकॅड आणि त्याच वर्षी टास्मानियात सुरू झालेलं प्रोटेल, म्हणजे आजचं अल्टियम, यांच्या पहिल्या पिढीतल्या कित्येक लायब्रऱ्या अशाच होत्या.

ही रीत आज टाकून द्यायला हवी. कारण आता एका बोर्डावर पाच व्होल्ट, तीन पूर्णांक तीन व्होल्ट, रिलेसाठी बारा व्होल्ट, असं सगळं एकत्र नांदतं. लपलेला पाय कोणत्या विजेला जाऊन चिकटला हे डायग्राम वाचून कळत नाही. सर्किट तपासणाऱ्याला चिप दिसते, तिची वीज दिसत नाही. आणि एक उदाहरण तर अगदी घात करणारं आहे. एलएम ३३९ हा चार कंपॅरेटरचा आयसी. डायग्रामवर त्याचा त्रिकोण एलएम ३२४ च्या त्रिकोणासारखाच दिसतो, पाकीटही चौदा पायांचंच. पण त्याची वीज ३ वर आणि ग्राउंड १२ वर. विजेचे पाय लपवलेले असले तर या दोन डायग्रामांत फरक उरतो तो फक्त बारीक अक्षरातल्या नावाचा आणि पायांच्या नंबरांचा. दुकानात एक नाही म्हणून दुसरा बसवणाऱ्या कारागिराला कागदाने वेळीच थांबवायला हवं, आणि विजेचे पाय समोर असले तरच तो थांबवतो.

गेटांचंही तसंच. ७४०० मध्ये दुसऱ्या नॅन्डचे इनपुट ४ आणि ५, आउटपुट ६. सीडी ४०११ हाही चार नॅन्डचाच आयसी, वीज तिथेही १४ वर आणि ग्राउंड ७ वर. पण त्याच्या दुसऱ्या गेटचे इनपुट ५ आणि ६, आउटपुट ४. चित्र हुबेहूब तेच, आतली जोडणी निराळी. म्हणून एक बहुभागी चिन्ह नक्कल करून दुसऱ्या आयसीसाठी वापरताना प्रत्येक युनिटचा प्रत्येक नंबर डेटाशीटशी ताडून बघण्याला पर्याय नाही. पहिलं युनिट जुळलं म्हणजे बाकीची जुळली, असं मानायची सोय नाही. ७४०० आणि ४०११ यांचं पहिलं आणि शेवटचं गेट तंतोतंत जुळतं आणि मधली दोन जुळत नाहीत.

वीज दाखवायची म्हटलं तरी तिच्या दोन रीती आहेत. अल्टियममध्ये भाग शून्य नावाची सोय आहे. त्यात टाकलेला पाय चिपच्या सगळ्या भागांवर उमटतो. दुसरी रीत वर सांगितलेली, विजेचं स्वतंत्र युनिट. कायकॅडच्या अधिकृत लायब्रऱ्यांनी ही दुसरी रीत धरली आहे. तिथल्या एलएम ३२४ ला ए ते डी आणि विजेचा ई अशी पाच युनिटं आहेत, आणि दोन ऑप-अँपच्या एलएम ३५८ ला विजेचं सी. मला हीच रीत पटते. विजेची युनिटं एका कोपऱ्यात ओळीने मांडायची, प्रत्येकाशेजारी त्याचा शंभर नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर काढायचा, म्हणजे तपासणाऱ्याला एका नजरेत कळतं की कोणत्या चिपला कपॅसिटर राहिला.

या रीतीला एक धोका आहे आणि तो टाळता येण्यासारखा आहे. ई युनिट ठेवायचंच विसरलं तर डायग्राम छान दिसतो, चारही त्रिकोण आपापल्या जागी असतात, आणि बोर्डावर ४ व ११ हे पाय कशालाच जोडलेले नसतात. बोर्ड छापून येतो, आयसी सोल्डर होतो, आणि मुका बसतो. कायकॅडची विद्युत नियमांची तपासणी न ठेवलेल्या युनिटबद्दल इशारा देते, विजेचा पाय राहिला असेल तर तेही सांगते. पुष्कळ विद्यार्थी इशाऱ्यांची यादी न वाचताच बंद करतात. शिकवणाऱ्यांनी कॉलेजात याच एका गोष्टीवर कडक राहावं: यादीतल्या प्रत्येक इशाऱ्याचं कारण लिहून दिल्याशिवाय बोर्ड बनवायला पाठवायचा नाही.

न वापरलेल्या भागांचंही असंच. प्रिव्हेंटरमध्ये चौथा ऑप-अँप लागला नाही तर तो डायग्रामवर न ठेवणं हा सोपा मार्ग. पण आयसीत तो असतोच; त्याचे इनपुट लोंबकळत राहिले तर तो गोंगाट उचलतो, उगाच वर-खाली होतो. सीमॉस गेटचा मोकळा इनपुट तर याहून वाईट. तो मधल्या व्होल्टेजवर तरंगला की गेट फुकट करंट खातं. म्हणून उरलेलं युनिट डायग्रामवर आणून त्याचा बंदोबस्त दाखवायचा: ऑप-अँप असेल तर आउटपुट उणे इनपुटला जोडून अधिक इनपुटला मधलं व्होल्टेज, गेट असेल तर इनपुट ग्राउंडला किंवा विजेला. आणखी एक फायदा होतो. पुढे सर्किटात भर घालायची झाली तर मोकळं युनिट कुठे आहे हे कागदावरच दिसतं. रेल्वेवाल्यांच्या शिल्लक कॉन्टॅक्टच्या तक्त्याचं काम इथे हे कोपऱ्यातलं युनिट करतं.

सारखे आणि वेगळे भाग

आतापर्यंत सारख्या भागांची गोष्ट झाली. रिले आणि कॉन्टॅक्टर यांचे भाग एकमेकांसारखे नसतात, आणि तिथे चुका निराळ्या होतात. बाजारात शुगर क्यूब नावाने मिळणारा पाच पायांचा बारा व्होल्टचा रिले घ्या. मोबाइल स्टार्टरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळीकडे तो आहे. कॉइलचे दोन पाय, एक कॉमन, एक एनओ, एक एनसी. कॉइलच्या बाजूला बारा व्होल्ट आणि ट्रान्झिस्टर. कॉन्टॅक्टच्या बाजूला लाइनचं व्होल्टेज. हे दोन्ही एकाच चित्रात ठेवले तर डायग्रामवर नाजूक बाजू आणि जिवावरची बाजू शेजारी-शेजारी येतात. दोन युनिट केले की कॉइल नियंत्रणाच्या पानावर जाते, कॉन्टॅक्ट मोटारीच्या पानावर, आणि दोन्हींमधली सीमा कागदावरच उभी राहते. बोर्ड आखताना त्या सीमेवर किती मिलिमीटर मोकळी जागा सोडायची याचा विचारही मग आपोआप सुचतो. कोणता पाय कितवा, हे मात्र उत्पादकानुसार बदलतं. इथे डेटाशीट समोर ठेवल्याशिवाय नंबर लावू नयेत.

अशा चिन्हाला सॉफ्टवेअरमध्ये भाग अदलाबदल होणारे नाहीत, अशी खूण असलीच पाहिजे. ऑरकॅडमध्ये नवीन चिन्ह करतानाच भाग एकजिनसी की मिश्र, हे विचारतात, ते याचसाठी. आणि तरीही एक फट राहते. डायग्रामवर दोन रिले आहेत, दोन्हींच्या नावापुढे अजून प्रश्नचिन्ह आहे, आणि आखणाऱ्याने सगळ्यांना आपोआप नंबर द्यायला सांगितलं. सॉफ्टवेअर कॉइली आणि कॉन्टॅक्ट जमवून जोड्या लावतं, पण कोणती कॉइल कोणत्या कॉन्टॅक्टची हे त्याला कसं कळणार? स्टार-डेल्टा पॅनेलमध्ये स्टारची कॉइल आणि डेल्टाचा कॉन्टॅक्ट एका रिलेचे ठरले तर इंटरलॉकचा अर्थच उलटतो. उपाय साधा आहे: मिश्र भागांची चिन्हं ठेवतानाच हाताने नंबर द्यायचे, के१ कॉइल, के१ कॉन्टॅक्ट, आणि मगच बाकीच्यांना आपोआप नंबर. कॉइलशेजारी तिचे कॉन्टॅक्ट कोणत्या पानावर, कोणत्या जागी आहेत याची टीप लिहायची जुनी पद्धतही सोडू नये.

सारख्या भागांच्या अदलाबदलीचा खरा उपयोग बोर्ड आखताना होतो. ए गेटची तार बोर्डावर उजवीकडे जायची आहे आणि त्याचे पाय डावीकडे आहेत. सी गेटचं उलट. दोघांनी जागा बदलल्या तर दोन तारांची ओलांडाओलांडी टळते, एखादं छिद्र वाचतं. फक्त हा बदल डायग्रामवर परत उतरला पाहिजे. बोर्ड एक सांगतो आणि कागद दुसरं, अशी स्थिती झाली की त्या कागदावर पुन्हा कुणी विश्वास ठेवत नाही.

मोठ्या चिपांचा प्रश्न वेगळा. चाळीस पायांचा ८०५१ अजून डिप्लोमाला शिकवतात. तो एका पानावर एका चौकोनात मावतो, तो तोडायची गरज नाही. शंभर-दीडशे पायांचा मायक्रोकंट्रोलर किंवा त्याहून मोठा एफपीजीए मात्र तोडावाच लागतो. एफपीजीएमध्ये बँकेनुसार तोडणं योग्य, कारण प्रत्येक बँकेची वीज वेगळी असू शकते आणि त्या बँकेचे सगळे पाय त्याच व्होल्टेजवर चालतात. मायक्रोकंट्रोलरमध्ये मात्र ए पोर्ट, बी पोर्ट असं तोडणं मला आळसाचं वाटतं. वाचणाऱ्याला पोर्ट नको असतो. मोजमापाचे पाय, बटणं आणि डिस्प्ले, संपर्काचे पाय, क्लॉक आणि रीसेट, वीज, असे कामाचे गट हवे असतात. तयार मिळणाऱ्या चिन्हांत तर पुष्कळदा पाय १ पासून क्रमाने चौकोनाभोवती लावलेले असतात. ते पाकिटाचं चित्र झालं. सर्किटाबद्दल ते काहीच सांगत नाही.

सिम्युलेशनची गाठ, आणि इथलं काम

महाराष्ट्रात या विषयाला एक घरचा धागा आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ईसिम हे मुक्त सॉफ्टवेअर उभं केलं, आधी त्याचं नाव ऑस्कॅड होतं. डायग्राम काढायला ते कायकॅड वापरतं आणि सर्किट चालवून बघायला एनजीस्पाइस. कायकॅड स्वतः १९९२ साली फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या ज्याँ-पिएर शारास यांनी सुरू केलं आणि २०१३ पासून युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेने त्याला हात दिला. फुकट आणि मोकळं असल्यामुळे नांदेडच्या अभियांत्रिकी संस्थेतल्या मुलाला आणि हिंगोलीच्या पॉलिटेक्निकमधल्या मुलीला परवान्याची चिंता न करता ते घरच्या संगणकावर चालवता येतं. आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये कायकॅडचे धडेही आहेत.

बहुभागी चिन्ह आणि सिम्युलेशन यांची मात्र एक गाठ बसते. डायग्रामवर एलएम ३२४ चे चार त्रिकोण असले तरी सर्किटाच्या यादीत तो एकच घटक आहे, चौदा पायांचा. उत्पादक देतो ते स्पाइस मॉडेल बहुधा एकाच ऑप-अँपचं, पाच टोकांचं. दोन्हींचा मेळ बसत नाही आणि विद्यार्थ्याला वाटतं आपलं सर्किट चुकलं. यावर मार्ग असा: चौदा टोकांचं एक सबसर्किट लिहायचं, त्याच्या पोटात उत्पादकाचं मॉडेल चार वेळा बोलवायचं, चौघांची वीज ४ आणि ११ या टोकांना द्यायची, आणि हे सबसर्किट चिन्हाला जोडायचं. पाच-सहा ओळींचं काम आहे, पण ते केल्यावर आयसीच्या आत खरोखर काय बसवलेलं आहे हे मुलाच्या डोक्यात कायमचं बसतं.

चांगले डायग्राम वाचायला मिळणंही महत्त्वाचं आहे. आपल्याच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे, चार किलोमीटरच्या दोन भुजांची. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलमध्ये तिच्या उभारणीला मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोच्या इलेक्ट्रॉनिक्सचे कित्येक डायग्राम त्यांच्या दस्तऐवज-संग्रहात सगळ्यांना खुले आहेत. इथल्या मुलांनी त्यातला एखादा उघडून ऑप-अँपचे भाग कुठे ठेवलेत, वीज कशी दाखवलीय, हे शिक्षकांबरोबर बसून बघावं. वेधशाळेच्या कामात पुढे इथली माणसं लागतील तेव्हा ही नजर उपयोगी पडेल.

दुसरीकडे गावातलं चित्र उलटं आहे. सौर पंपाचे कंट्रोलर, मोबाइल स्टार्टर, ड्रिपचे टायमर बंद पेटीत येतात, सोबत सर्किटाचा कागद नसतो. बोर्ड बिघडला की कारागीर भिंग घेऊन तारा मागे-मागे शोधतो, किंवा सरळ नवा बोर्ड मागवतो आणि शेतकरी त्याचे पैसे भरतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या कामाच्या क्षेत्रांत शेतीची यंत्रं पुढे ठेवली. या हक्काचा व्यवहारात अर्थ एवढाच की कारागिराच्या हातात वाचता येईल असा डायग्राम पडला पाहिजे. चौदा रेघांचा चौकोन काढलेला कागद देऊन ते काम होत नाही.

कायकॅडमध्ये चिन्हांची लायब्ररी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. ती पेन ड्राइव्हवर देता येते, दोन आवृत्त्यांमध्ये काय बदललं हे ओळीने बघता येतं. एखाद्या पॉलिटेक्निकने किंवा आयटीआयने पंपाच्या सर्किटांसाठी अशी एक छोटी लायब्ररी करायला घ्यावी. पंधरा-वीस चिन्हं पुरतील: कॉन्टॅक्टर, शुगर क्यूब रिले, एलएम ३२४, एलएम ३३९, ४०११, दोन-तीन बटणं, टायमर. सुरुवात ओव्हरलोड रिलेपासून करावी, कारण त्यात या विषयातलं जवळजवळ सगळं येतं. त्याचे तीन युनिट: मोटारीच्या तीन तारांवर बसणारे तापणारे घटक एका युनिटात, कॉइलच्या वाटेवरचा ९५-९६ हा एनसी कॉन्टॅक्ट दुसऱ्यात, आणि ट्रिप झाल्याचा दिवा लावणारा ९७-९८ हा एनओ तिसऱ्यात. भाग बदलता न येणारे, कॉन्टॅक्ट ट्रिप न झालेल्या स्थितीत काढलेले, आणि दिवा लावलेला नसला तरी तिसरं युनिट डायग्रामवर ठेवलेलं.